पाण्याची काच

रविवारी सकाळी सव्वासहाला नासिरमियांनी गच्चीवरच्या टाकीच्या नळीकडे पाहिलं आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या यासेरला वरूनच ओरडून सांगितलं, "भरगच्च हाय!" साडेसहाला वरच्या दोन मजल्यांवर भाड्यानं राहणाऱ्या बावीस मुली तोंडाला साबण लावून उभ्या होत्या, आणि बावीस नळ एकदम खाकरून गप्प झाले. आठ वाजता त्यांची सराव परीक्षा होती. लातुरात रविवारी सकाळी आठ वाजता सराव परीक्षा नसलेलं माणूस एकतर आजारी असतं किंवा सेवानिवृत्त. नासिरमियां सेवानिवृत्त होते. यासेर वर आला. बापाकडे न बघता त्यानं टाकीच्या बुडाचा नळ उघडला. नळातून नुसती हवा आली, आणि तीही जुलमानं आल्यासारखी. "अब्बा, तुमी बघितलं व्हतं ना?" "बघितलं." "मग?" खालून लुबनानं, म्हणजे सुनेनं, टँकरवाल्याला फोन लावल्याचं ऐकू आलं, आणि बिलोलीकडची एक चुणचुणीत पोरगी डोळे मिटून, साबणाच्या तोंडानंच जिन्यातून ओरडली, "आजोबा, उत्तर चुकलं! तुमचा एक मार्क कट!"

सगळे हसले. नासिरमियांही हसले. हसता हसता ते टाकीच्या सावलीत खाली बसले. ती नळी यासेरनं तीन वर्षांपूर्वी बसवली होती. त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी आगगाडीनं आणावं लागलं होतं, आणि तेव्हापासून घरोघर लोक पाण्याकडे ज्या नजरेनं बघत ती आधी फक्त सोनाराच्या दुकानात दिसायची. टाकीच्या बाहेरून उभी, बोटभर जाडीची पारदर्शक नळी. टाकीत पाणी जिथवर, नळीत तिथवर. अर्धी भरली असली की मध्ये रेघ दिसते, आणि पोरालासुद्धा कळतं. पण पाणी नळीच्याही वर गेलं की रेघ नाही. पाणी नळीच्या खाली गेलं तरी रेघ नाही. भरलेली नळी आणि रिकामी नळी दिसायला सारख्याच, दोन्ही तितक्याच स्वच्छ. वाफेच्या इंजिनावर पाण्याची जी काच असते तिचंही असंच. हे भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला पहिल्या दिवशी शिकवतात, आधी शिव्या देऊन आणि मग समजावून: रेघ दिसली नाही तर डोळ्यावर जाऊ नको, खालचा नळ उघड. पाणी आलं तर भरलेली, फुसकन वाफ आली तर रिकामी. नळ उघडायला दोन सेकंद लागतात. नासिरमियांनी ते दोन सेकंद आयुष्यात दोनदा वाचवले होते. एकदा आज. आणि एकदा सव्वीस वर्षांपूर्वी.

बारा वाजता मंजुश्री मॅडम गाडी घेऊन येणार होत्या. मंजुश्री ही नांदेडच्या एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवी आणि उरलेल्या वेळात वाफेच्या इंजिनांवर जीव टाकी. तिचं एक मंडळ होतं, वाफमित्र. त्यात दोन दंतवैद्य, एक विमा एजंट, एक कापूस व्यापारी आणि जगातल्या कुठल्याही भंगार इंजिनाचा नंबर झोपेत सांगणारा एक पोस्टमास्तर. ही माणसं पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्यांनी नासिरमियांचा जुना कामाचा कोट मागून घेतला, आळीपाळीनं हुंगला, आणि एक दंतवैद्य डोळे मिटून म्हणाला होता, "अस्सल वास!" लुबनानं तो कोट आदल्याच आठवड्यात नव्या पावडरीनं धुतला होता, पण पाहुण्यांपुढे ती काही बोलली नाही. मागच्या वर्षी मंडळानं त्यांना दक्षिणेतल्या डोंगरात, जुनं इंजिन अजून चालतं त्या गाडीवर नेलं होतं. तिथल्या ड्रायव्हरनं वयाचा मान म्हणून दोन फावडी कोळसा टाकू दिला. तेवढ्यात डोळ्यात कण गेला. ते पाणावलेले डोळे मंडळानं सगळ्या महाराष्ट्रात फिरवले, खाली लिहिलं, 'अग्नीशी पुनर्भेट'. कण चार दिवस निघाला नव्हता.

पण खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडत होतं. रुळावरून उतरलेल्या माणसाला कुणी शिट्टी कशी वाजायची असं विचारत नाही, ह्यांनी विचारलं. ते तोंडानं शिट्टी काढून दाखवत, लांब, मग एक तोकडी, आणि दंतवैद्यांच्या अंगावर काटा येई. मग कुणीतरी म्हणे, चाचा, भूकंपाची गाडी सांगा ना. आणि चाचा सांगत. त्र्याण्णव साल. गणपती बुडवून लोक झोपलेले, आणि पहाटे जमिनीनं कूस बदलली. लातूरच्या छोट्या लायनीवर त्यांचं इंजिन, सातशे एकोणीस नंबर. तीन दिवस उतरलोच नाही, जेवण फावड्यावर गरम करायचो. चौथ्या दिवशी पत्रे, घोंगड्या, बिस्किटांची खोकी भरलेली गाडी बार्शीकडून आणत होतो. ढोकीच्या अलीकडे पाणी कमी झालं आणि प्लग गेला. इथे थांबून ते प्लग समजावत: भट्टीच्या छपराला एक पितळी बूच असतं, आत शिसं. वर पाणी असलं तर शिसं थंड. पाणी उतरलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत कोसळते, आणि बॉयलर फुटायच्या आधी आग मरते. "मी आग ओढली. भट्टीचं दार उघडून, तोंडावर वाफ घेत, सगळी आग ओढून रुळावर टाकली. बॉयलर वाचला." हे खरं होतं. उजव्या मनगटावर त्याची खूण होती, आणि मंडळातला प्रत्येक माणूस ती बोट लावून बघे. पाणी कसं कमी झालं, हे कुणी विचारलं नाही. भूकंप झालेला असला की लोक इतर गोष्टींची कारणं विचारत नाहीत. गाडी पाच तास रानात उभी राहिली. पाच तासांत घोंगडीवाचून कुणाचं काय झालं, हे विचारायला ते त्या गावांकडे पुढे कधी गेले नव्हते. बस जायची. भाडंही फार नव्हतं.

मंजुश्री वेळेवर आली. नासिरमियां धुतलेला पांढरा सदरा घालून, कोळसा फोडायचा जुना हातोडा फडक्यात गुंडाळून तयार होते. हातोडा तिनंच आणायला सांगितला होता, काचेच्या पेटीत ठेवायला. आज नांदेडला सोहळा होता. हणमंतराव सरांनी, म्हणजे ती शिकवी त्या शिखरधारा अकॅडमीच्या मालकांनी, भंगारातून एक इंजिन उचललं होतं आणि क्लासच्या दारात रुळाच्या दोन तुकड्यांवर उभं केलं होतं. वर फलक, 'यशाची गती इथून'. वीस वर्षं जागचं न हललेल्या यंत्रावर हे वाचून फक्त पोस्टमास्तर गडबडला होता. आणि ते इंजिन होतं सातशे एकोणीस. शेजारी एक शिळा बसवली होती, तिच्यावर भूकंपाच्या गाडीची हकीकत. दुपारी चारला अनावरण, प्रमुख पाहुणे नासिरमियां.

गाडी लातूरबाहेर पडेपर्यंत होर्डिंगांवरून टॉपर मुलांचे चेहरे मागे सरकत राहिले. नासिरमियां मांडीवर हातोडा घेऊन बसले होते आणि नळातून आलेली ती हवा त्यांच्या कानातून जात नव्हती. फुस. अगदी तसाच आवाज. फक्त तेव्हा तो त्यांनी ऐकलाच नव्हता, कारण नळ उघडलाच नव्हता. तेव्हाचे त्यांचे ड्रायव्हर शेषेराव पलीकडच्या खिडकीतून मान बाहेर काढून लाइन बघत होते. रूळ कुठे वाकलेत ह्याची तेव्हा कुणालाच खात्री नव्हती. त्यांनी मान आत न घेताच विचारलं होतं, "नासिर, पाणी?" आणि तीन दिवस न झोपलेल्या नासिरनं काचेकडे पाहिलं, काच स्वच्छ, तिला रेघ नाही, आणि तो म्हणाला, "भरगच्च हाय, उस्ताद." आता कारच्या खिडकीतून एक झाड मागे गेलं आणि नासिरमियांना तेव्हाचं एक झाड आठवलं, बाभळीचं, त्याच्या फांदीवर कुणाचीतरी रजई वाळत होती. सव्वीस वर्षांत त्यांना त्या रजईचा रंगही विसरता आला नव्हता. स्वतःचा आवाज मात्र ते बरोबर विसरले होते. तो आज सकाळी गच्चीवरून परत ऐकू आला. तोच सूर, तीच घाई, आणि अज्ञान लपवायला लागतो तो जरासा जादा जोर.

अहमदपूरला एसटी स्टँडसमोर चहा घ्यायला थांबले तेव्हा मंजुश्री आनंदानं म्हणाली, "चाचा, तुमाला सरप्राईज द्यायचं व्हतं, पण राहवत न्हाई. आमाला प्लग गेल्याच्या चौकशीचा कागद सापडला! पोस्टमास्तर काका सहा महिने मागं लागून राहिले व्हते. आता शिळेवर नावानिशी आलंय." तिनं मोबाइलवरचा फोटो मोठा केला आणि वाचलं. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं: चालक शेषेराव यांच्या हलगर्जीपणामुळे बॉयलरमधील पाणी संपले, परंतु फायरमन नासिर यांनी प्रसंगावधान राखून, जिवाची बाजी लावून इंजिन वाचवले.

नासिरमियांनी कप खाली ठेवला. चौकशीच्या खोलीबाहेरचं बाकडं त्यांच्या बुडाखाली आलं, एक पाय तोकडा असलेलं. आत शेषेराव. दार लोटलेलं, पण शेषेरावांचा आवाज इंजिनावर कमावलेला, दाराला न जुमानणारा. 'काच कुणी पाहिली?' 'मी, साहेब.' मग नासिरला आत बोलावलं. तेव्हा त्याची फायरमनची नोकरी पक्की व्हायची होती, यासेर पाच वर्षांचा होता. साहेबांनी विचारलं, 'काच ड्रायव्हरनं पाहिली?' आणि नासिर म्हणाला, 'हाव, साहेब.' एवढंच. जन्मभरात माणूस लाखभर वेळा हाव म्हणत असेल. शेषेराव पॅसेंजरवरून यार्डात आले, डबे ढकलायला, आणि मग बदली होऊन नांदेडकडे गेले. प्लग पाडलेला ड्रायव्हर म्हणजे रेल्वेत कुंकू पुसलेलं कपाळ. नासिर पक्का झाला. दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, ईदला शेषेरावांकडे शिरखुर्मा घेऊन जायचं ठरवत राहिला. मग ठरवायचं बंद केलं.

"मॅडम, ही पाटी बदला."

"चाचा, लाजू नका. खरंच तर हाय."

"खरं न्हाई ते. काच मी बघितली व्हती."

मंजुश्री हसली. तिला वाटलं, जुन्या माणसांची नम्रता. "बरं, पण ग्रॅनाइट हाय ते. खोडरबर न्हाई चालत."

"मग काय चालतं?"

"काय माहीत. छन्नी चालत असंल."

ती थट्टेत बोलली. पण ती बिल द्यायला वळली तोवर नासिरमियां रस्ता ओलांडून समोरच्या लोखंडी सामानाच्या दुकानात उभे होते. दुकानदार गुरुपादप्पा कपाळाला भस्म लावून पेपर वाचत होता. त्यानं पत्र्याची पेटी पुढे ओढली. "कशाला पाहिजे छन्नी? भिंत फोडायची का?" "पाटी खोडायची." "कुणाची?" "माझीच." गुरुपादप्पानं चष्म्यावरून पाहिलं. दुकानदारीत त्यानं बरीच माणसं पाहिली होती. नाव कोरून घेणारी पुष्कळ, खोडणारा पहिलाच. "दगड कसला?" "ग्रॅनाइट." "मग ही ठेवा खाली, ही लाडाची हाय, मऊ. ही घ्या, कडक टोकाची. आन चाचा, घाई करू नका. ग्रॅनाइट घाईला दाद देत न्हाई." नासिरमियांनी ती फडक्यात हातोड्याशेजारी गुंडाळली आणि गाडीत बसून मंजुश्रीला सांगितलं, "नांदेडला आधी तरोड्याकडं घ्या. शेषेराव ड्रायव्हर तिथं राहतात असं ऐकून हाय, घर हुडकायचं." ती म्हणाली, उशीर होईल. ते म्हणाले, सव्वीस वर्षं झालाय, अजून अर्धा तास होईल. मंजुश्री अधूनमधून आरशातून त्यांच्याकडे बघत होती. ज्या विद्यार्थ्याचं गणित आपल्याला सोपं वाटलं होतं त्याच्याकडे बघावं तसं. नासिरमियांना भीती वाटत होती, नाही असं नाही. बॉयलरमध्ये किती उरलंय ते कळत नसताना वाटे तशीच. पण आता एक सोय होती. नळ उघडायचा असं ठरलं होतं. आत काय निघेल ते निघेल.

घर सापडायला पंधरा मिनिटं लागली. दारात तुळस, ओट्यावर खुर्ची, खुर्चीत शेषेराव. पंच्याहत्तरीचे, सुकलेले, पण मान अजून खिडकीतून बाहेर काढल्यासारखी डावीकडे कललेली. त्यांनी नासिरमियांना वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "जाडा झालास." मग आत हाक मारली, "अगं, नासिर आलाय. सातशे एकोणीसचा." आतून सरजाबाई पदराला हात पुसत आल्या, शेषेरावांच्या बायको. त्यांनी पाणी दिलं. नासिरमियांनी पाणी पिऊन घेतलं, तांब्या खाली ठेवला आणि गाडीत तीनदा घोटलेलं वाक्य म्हटलं, "उस्ताद, त्या दिवशी काच मी बघितली व्हती."

"मोठ्यानं बोल. कान गेलेत माझे. चाळीस वर्षं शिट्टीखाली काढली."

मनात हळू आवाजात कबूल करायची गोष्ट गल्लीभर ओरडून कबूल करावी लागेल, ह्याची तयारी नासिरमियांनी केली नव्हती. पण आता मागे फिरायचं नव्हतं. त्यांनी छाती भरून घेतली. "काच! मी! बघितली व्हती! नळ उघडला न्हाई! तुमाला भरगच्च म्हणून सांगितलं! चौकशीत खोटं बोललो!" समोरच्या घरातली बाई वाळवण सोडून दारात आली. एक सायकल थांबली. मंजुश्री गाडीला टेकून उभी होती. तिनं तोंडावर हात घेतला.

"ठाऊक हाय मला," शेषेराव म्हणाले. "मी व्हतो की तिथं."

पण सरजाबाईंना ठाऊक नव्हतं. त्या नवऱ्याकडे वळल्या. "म्हंजी? सव्वीस वर्षं मी तुमाला बोलून राहिले, तुमचं ध्यान कुठं व्हतं म्हणून. आपल्या पोरीच्या, नागम्माच्या लग्नात व्याह्यानं भर मांडवात विचारलं, गाडी बंद पाडली ते ड्रायव्हर हेच का. मी मान खाली घातली. आन तुमाला ठाऊक व्हतं?" मग नासिरमियांकडे. "आन तुमी, भाऊजी, माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्या व्हत्या ना हो तुमी? त्या भूकंपाच्या तीन दिवसांत? मी स्टेशनात आणून द्यायची, दोघांच्या. मोजून दोघांच्या."

नासिरमियांनी होकाराची मान हलवली. भाकरी त्यांना आठवत होत्या. ज्वारीच्या, फावड्यावर गरम केल्या की कडा करपायच्या. गोष्ट सांगताना ते फावडं सांगत. भाकरी कुणी आणली ते कधी सांगितलं नव्हतं.

"उगं त्याच्या अंगावर जाऊ नको," शेषेराव म्हणाले. "काच मी बी बघितली व्हती. मान आत घेतली तवा. मला बी भरल्यावानीच दिसली. इंजिनावर ड्रायव्हर मी. चूक माझी."

"न्हाई, उस्ताद!" नासिरमियां त्यांच्या कानाशी ओरडले. "पाणी बघायचं काम माझं!"

"काम तुझं, इंजिन माझं."

"मी सांगितलं भरगच्च!"

"मी ऐकलं का न्हाई? ऐकणाऱ्याची चूक मोठी."

"हे बघा, माझी चूक हाय आन ती मी कुणाला देणार न्हाई!" नासिरमियां ओट्यावर मूठ आपटून ओरडले. सायकलवाला आता खाली उतरून नीट उभा राहिला होता. "तुमी घेतली, तुमचं मोठेपण. पण त्याच्यावर मी पेन्शन खाल्ली, आन आता सातशे एकोणीसला एका क्लासच्या दारात उभं करून शेजारी दगडावर कोरून राहिलेत तुमचं नाव. हलगर्जीपणा लिहिलाय, उस्ताद. सोन्याच्या अक्षरात."

"कोरू दे. किती दिस राहिलेत माझे."

"दगडाचे लई राहिलेत," नासिरमियां म्हणाले.

शेषेराव खुर्चीचे हात धरून उठले. "सातशे एकोणीस म्हणालास? रंग कोणता दिलाय?" "हिरवा." "हिरवा? काळं व्हतं ना रे ते. चल. बघू तरी काय करून ठेवलंय." सरजाबाई आत गेल्या. नासिरमियांना वाटलं, दार लावून घेतील. त्या लुगडं बदलून आल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

क्लासच्या आवारात सहाशे मुलं खुर्च्यांवर मांडली होती, ओळीनं, परीक्षेला असतात तेवढ्याच अंतरावर. इंजिन मध्ये, पोपटासारखं हिरवं. शेषेरावांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि हात बघितला. काळा झाला नाही म्हणून नाराज झाले. शिळेवर मखमलीचं कापड. हणमंतराव सरांनी नासिरमियांची ओळख वीस मिनिटं करून दिली; त्यात वाफ, ध्येय, तापमान आणि पुढच्या बॅचची तारीख एवढं सगळं आलं. मग माइक. नासिरमियां माइक घेऊन स्टेजवर न जाता इंजिनाच्या पायऱ्या चढले. गुडघे कुरकुरले, पण हातांना दांडे आपोआप सापडले, तिथे, तिथे, आणि वरचा तिथे. बॉयलरच्या तोंडावर पाण्याची काच होती. रंगाऱ्यानं ती नवी बसवून लखलखीत पुसली होती.

"पोराहो," ते म्हणाले, "ह्या काचेत पाणी हाय का न्हाई?"

सहाशे मुलांनी माना उंच केल्या. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, एवढं त्यांना पक्कं शिकवलेलं होतं. "हाय!" "न्हाई!" "भरलीय!" "रिकामी!" मागून कुणीतरी विचारलं, "चार पर्याय द्या ना, आजोबा!" हशा झाला. नासिरमियांनी तो ओसरू दिला.

"आता ज्याला ठाऊक न्हाई, त्यानं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. त्या आवारात हा प्रश्न ह्याआधी कुणी विचारला नसावा. मुलं एकमेकांकडे बघू लागली. हणमंतराव सर हसून घड्याळ बघू लागले. पहिल्या रांगेत सरजाबाई शेषेरावांच्या कानाशी वाकल्या आणि प्रश्न ओरडून सांगितला. शेषेरावांनी काचेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात वर केला.

नासिरमियांनी डोळे पुसले; ह्या वेळी कण गेलेला नव्हता, आणि फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. "ते शेषेराव ड्रायव्हर," ते म्हणाले. "त्या दिवशी त्यांनी मला इचारलं, पाणी किती. मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, भरगच्च. प्लग माझ्यामुळं गेला. गाडी माझ्यामुळं थांबली. पाच तास लोक घोंगड्यांची वाट बघत राहिले, ते माझ्यामुळं. चौकशीत मी त्यांचं नाव पुढं केलं. पाटीवर लिहिलंय ते खोटं हाय."

मग मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि वणव्यासारख्या पुढे आल्या. हणमंतराव सरांनी दुसरा माइक घेतला. "बघा, विद्यार्थ्यांनो! याला म्हणतात मोठेपणा! आपल्या ड्रायव्हरची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा असा नम्र वीर..." पुढचं टाळ्यांत गेलं. कुणीतरी दोरी ओढली, मखमल घसरली, आणि सोनेरी अक्षरं उन्हात चमकली. दंतवैद्य डोळे पुसत होते.

नासिरमियां पायरीवर उभे राहून ते बघत होते. ओरडून सांगितलं तरी लोकांना आपल्याला हवं तेच ऐकू येतं. शेषेरावांचे कान निदान खरोखर गेले होते. माइक त्यांनी भट्टीच्या दारावर ठेवला. खाली उतरले, गाडीकडे गेले, फडकं सोडलं. मंजुश्री धावत आली. तिनं हातोडा पाहिला, छन्नी पाहिली. अहमदपूरला चहावर केलेली थट्टा तिच्या चेहऱ्यावरून सरकून गेली.

"चाचा, खरंच?"

"मॅडम, तुमीच म्हणालात, छन्नी चालते."

ती वाटेत उभी होती. नोकरी तिची होती, मालक तिचे होते, शिळेवरचा मजकूरही तिचाच होता. मग ती बाजूला झाली, आणि हणमंतराव सर "अरे, अरे" करत पुढे आले तेव्हा नेमकी त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

नासिरमियां शिळेपुढे गुडघ्यांवर बसले. छन्नी 'शेषेराव'वर टेकवली आणि हातोडा उचलला. पहिला घाव बाजूला गेला, ठिणगी उडाली, ग्रॅनाइटला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला छन्नी निसटली आणि अंगठ्याला लागली. सहाशे मुलं उभी राहिली होती. एवढ्यात त्यांच्या शेजारी कुणीतरी मोठ्या कष्टानं खाली बसलं. आधी एक गुडघा, मग दुसरा.

"नाव नको खोडू," शेषेराव म्हणाले. "गाडी माझी व्हती. त्याच्या पुढं लिहिलंय ते खोड." त्यांनी छन्नी हातातून काढून घेतली आणि 'हलगर्जीपणा'च्या पहिल्या अक्षरावर, बरोबर मध्ये, उभी धरली.

"हात चळतो तुमचा, उस्ताद."

"काय?"

"हात! चळतो!"

"तुझी नजर चळती. मार आता." त्यांनी मान डावीकडे कलती केली, जुन्या सवयीनं, लाइन बघितल्यासारखी. "पण बघून मार."

नासिरमियांनी छन्नीच्या टोकाकडे पाहिलं. मग त्यावरच्या बोटांकडे पाहिलं. मग पुन्हा टोकाकडे पाहिलं, पुरते दोन सेकंद, आणि हातोडा उचलला.